उचलण्याआधी

बेशुद्ध माणसाला परवानगी विचारणारा माणूस कुणी पाहिलाय का? कोल्हापुरात स्टँडच्या मागच्या गल्लीत हाडांचा एक दवाखाना होता, तिथं असा एक होता. धम्मपाल त्याचं नाव. अंगात खाकी कपडे, पायात रबरी चप्पल. काम म्हणाल तर गाडीतून पेशंट उतरवायचा, टेबलावर घ्यायचा, टेबलावरून खाटेवर न्यायचा, आणि सकाळी ड्युटीवर आल्यापासून घरी जाईपर्यंत तेच. कागलच्या एमआयडीसीत यंत्रात हात सापडलेला कामगार असो, हायवेवर मोटरसायकलवरून उडालेला पोरगा असो, नाहीतर उसाच्या ट्रॉलीखाली आलेली बाई असो, धम्मपाल आधी वाकायचा, तोंड कानाशी न्यायचा आणि विचारायचा, "दादा, उचलू का?" माणूस शुद्धीवर असला तर व्हय म्हणायचा, नाहीतर शिवी हासडायचा. बेशुद्ध असला तर काहीच म्हणायचा नाही. तरी उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा धम्मपाल थांबायचा आणि मगच हात घालायचा.

नवे लोक हसायचे. "त्यो काय बोलणार हाय तुझ्याशी?" म्हणायचे. धम्मपाल म्हणायचा, "न बोलू दे की. इचारायचं काम आपलं."

ही सवय त्याला दवाखान्यातल्या आक्कांनी लावली. पण ती त्याच्या अंगात इतकी का मुरली, हे कळायला त्याच्या बापाची गोष्ट सांगावी लागते. बापाला वगळून धम्मपालची गोष्ट सांगताच येत नाही, कुणी सांगू पण नये.

बापाचं नाव केरबा. शिरोळ तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा केरबा विशीतला गडी होता. दीक्षा घेऊन गावात आला आणि गावकीची कामं आजपासून बंद म्हणाला. गावात कुणाचं जनावर मेलं की ते गावाबाहेर ओढून न्यायचं, हे त्याच्या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. लोकांना वाटलं, नवा जोश आहे, चार दिवसांत उतरेल. पुढच्या उन्हाळ्यात पाटलांचा बैल मेला. बोलावणं आलं. केरबा पाटलांच्या दारासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमी ढोर ओढणार न्हाय." मग गावानं काय केलं हे सांगायला हवं का? रानात कामाला घेईनात, गिरणीत दळण घेईनात. केरबानं बायकोला घेऊन इचलकरंजीच्या बाजूला वीटभट्टी धरली आणि कितीतरी वर्षं विटा पाडल्या. पण शब्द मागं घेतला नाही.

पुढं काळ बदलला, पाटलांच्या गुऱ्हाळाला माणूस कमी पडायला लागला, तेव्हा त्याच पाटलांनी निरोप धाडून केरबाला बोलावून घेतलं. चुलवाणात जळण घालायचं काम. वर लोखंडी काहिलीत उसाचा रस उकळतोय आणि खाली हा जाळात चिपाडं सारतोय. उभ्या जन्मात मिळालेलं बरं काम ते एवढंच. पण पोरगा झाला तेव्हा त्याचं नाव त्यानं धम्मपाल ठेवलं. असल्या नावाचं पोर त्या गावात पहिलंच. हे नाव हाफिसातल्या पाटीवर शोभंल, असं केरबा येईल त्याला सांगायचा.

पोरगा बारावी झाला. दोन-तीन वर्षं अर्ज करून चपला झिजवल्या. ब्याण्णव साली ओळखीनं कोल्हापुरातल्या दवाखान्यात लागला. घरी निरोप गेला, दवाखान्यात नोकरी लागली. केरबानं गुऱ्हाळावरचा गूळ घरोघर वाटला. दवाखाना म्हणजे पांढरा कोट, नाहीतर निदान कंपाउंडर, असं त्याच्या मनानं धरलं. ते खोडून काढायचा धीर धम्मपालला झाला नाही. मग कुणीतरी गावचा माणूस आपल्या पावण्याला बघायला त्या दवाखान्यात गेला आणि माघारी येऊन पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "केरबा, तुझा पोरगा मढी ओढतोय गा तितं."

त्या रविवारी धम्मपाल ड्युटीवरून तसाच गावी आला. केरबा उंबऱ्यात उभा राहिला.

"ती कापडं घालून माज्या घरात याचं न्हाय."

"आबा, नोकरी हाय ती."

"ढोर ओढायचं सोडलं म्हणून जल्म गेला माझा इटा पाडण्यात. आणि तू माणसं ओढतोयस. ह्यासाठी शिकीवलं व्हय तुला?"

"मी ओढत न्हाय, आबा."

"मग काय करतोस?"

धम्मपालला उत्तर देता आलं नाही. कारण खरं सांगायचं तर तो तेव्हा ओढतच होता. सगळेच ओढत होते. दोघांनी बगलेत हात घालायचे, दोघांनी पाय धरायचे, आणि हुप्प करून टेबलावर. सरकवायचा असला तर चादर धरून खसकन ओढायचा. त्याला कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं. त्या दिवसापासून तो गावी येताना जयसिंगपूरच्या स्टँडवर कपडे बदलायचा. पिशवीत एक पांढरा शर्ट कायम घडी घालून असायचा. बाप बोलायचा, जेवायला वाढायचा, पण कामाचं नाव निघालं की उठून बाहेर जायचा. धम्मपालचं लग्न झालं, अंजना घरात आली, सासऱ्याचा सुनेवर जीव जडला. पण तिनं एकदा "तुमचा ल्योक काय काम करतोय ते एकदा येऊन बघा तरी" म्हटल्यावर म्हातारा दोन दिवस तिच्याशीसुद्धा बोलला नाही.

आता आक्का. आक्का म्हणजे त्या दवाखान्याच्या मुख्य नर्स, मूळच्या आजऱ्याच्या. जीभ तिखट, हात मऊ. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना आक्काच म्हणायचे आणि दबून असायचे. त्या रजेवर होत्या त्या काळात धम्मपाल लागला होता. परत आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला एका म्हाताऱ्याला ओढताना पाहिलं. दुपारी त्याला बोलावून म्हणाल्या, "झोप टेबलावर." तो आडवा झाला. त्यांनी त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. मग काही न सांगता चौघांनी त्याला धरलं आणि भसकन उचललं. धम्मपाल ओरडला. धडधाकट गडी, पण हवेत हात मारायला लागला.

"कसं वाटलं?" आक्कांनी विचारलं.

"हिरीत पडल्यागत."

"तुझं तर एक हाड मोडलेलं न्हाई. ज्याचं मोडलंय त्याला काय वाटत असंल? माणूस म्हंजे पोतं न्हाई. पोत्याला इचारत न्हाईत. माणसाला इचारायचं."

नव्या प्रत्येक माणसाला त्या तसंच टेबलावर झोपवायच्या. हीच त्यांची शाळा. मग हळूहळू बाकीचं शिकवायच्या. डोक्याशी जो उभा आहे तोच बोलणार, बाकीच्यांनी त्याच्या शब्दाशिवाय बोट हलवायचं नाही. मान, पाठ, पाय एका ओळीत ठेवायचे. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, ओझं छातीशी धरायचं. आणि ओढायचं तर अजिबात नाही. "म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यागत असती. ओढली की सोलून निघती. खालच्या चादरीसकट उचला."

ओढायचं नाही, हे आक्कांच्या तोंडून ऐकलं त्या दिवशी धम्मपालला रडूच आलं. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता गाडी धरावी आणि आबांना सांगावं. रविवारी गेला. जेवणं झाल्यावर धीर करून म्हणाला, "आबा, आमच्यात ओढत न्हाईत माणसाला." केरबा उठला आणि शेळीला पाला घालायला गोठ्यात गेला. धम्मपाल बसून राहिला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

कामात मात्र तो तयार झाला. अपघाताच्या जागेवर दवाखान्याची मॅटॅडोर जायची तेव्हा डॉक्टर त्यालाच धाडायचे. आता आपल्याकडची माणसं कशी, हे काय वेगळं सांगायला हवं? अपघात झाला की हातातलं काम टाकून धावत येतात. जात बघत नाहीत, पात बघत नाहीत, आपल्या जीपच्या सीटला रक्त लागतंय हेसुद्धा बघत नाहीत. ह्या मायेला तोड नाही. पण तीच माया घात करते. जो तो उचला उचला म्हणत एकेक अवयव धरतो, पडलेल्याला बसवतो, पाणी पाजतो, आणि नुसत्या मोडलेल्या मणक्याचा माणूस जन्माचा अपंग होऊन दवाखान्यात येतो. त्याला आणणारे बाहेर बाकावर डोळे पुसत बसतात. त्यांना काय बोलणार? धम्मपाल कुणाला रागावला नाही कधी. गर्दीत शिरून तो आधी फक्त एवढंच म्हणायचा, "हात काढा. सगळ्यांनी हात काढा."

अशी तेरा वर्षं गेली. दरम्यान धम्मपालची आई, बयाबाई, गेली. केरबा गावात एकटा राहिला. कोल्हापूरला सदर बाजारात लेकाची खोली होती, तिथं चला म्हटलं तर यायचा नाही.

दोन हजार पाचच्या पुरात कृष्णेनं गावाला वेढा घातला. नदीकडची घरं रिकामी करून माणसं शाळेत नेली होती. केरबापण शाळेत गेला होता. सकाळी त्याच्या ध्यानात आलं की भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर घरातच राहिली. कुणाला न सांगता गुडघाभर पाण्यातून माघारी गेला. तसबीर माळ्यावर ठेवली, आणि उतरताना शिडीवरून निसटून जमिनीवर पडला. उठायला गेला तर उजवा पाय आपला राहिला नव्हता.

गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा गुळव्या जोतीराम त्याला शोधत आला. त्यानं चार माणसं बोलावली. त्यांनी काय केलं असणार? जे सगळे करतात तेच. म्हाताऱ्याला घोंगड्यावर घेतला, घोंगड्याचं टोक धरलं आणि दाराकडं ओढायला लागले. केरबानं जी किंकाळी फोडली ती पाण्यापलीकडं ऐकू गेली म्हणतात. "ओढू नगा," तो म्हणाला. "मी ढोर न्हाय. मेलो तरी चालंल हितंच. पर मला ओढायचं न्हाय." पाठकुळी घेतो म्हणाले, तर जवळ येणाऱ्याच्या हाताला चावायला उठला. बांबूला झोळी बांधतो म्हणाले, ते पण नाही. पाणी वाढत होतं, आणि म्हातारा कुणाला शिवू देत नव्हता. शेवटी जोतीरामनं कोल्हापूरला दवाखान्यात फोन लावला.

धम्मपाल त्या वेळी ड्युटीवर होता. डॉक्टरांनी एका शब्दानं न विचारता गाडी दिली. चांगलं स्ट्रेचर दुसऱ्या गाडीतून गेलं होतं, म्हणून आक्कांनी पट्ट्या, उशा आणि चादरी पिशवीत कोंबल्या. जयसिंगपूरच्या पुढं रस्ता पाण्यात गेला होता. गाडी तिथं थांबली. सरकारी नावा दुसऱ्या गावांना लागल्या होत्या. पण शिरोळकडच्या माणसाला पुरात नाव लागते कुठं? गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडली की झाली नाव. भलीमोठी गोल लोखंडी कढईच ती, पाच-सहा माणसं सहज बसतात. जोतीराम काहील घेऊन आला होता, आणि बांबू धरून उभे होते गणपतराव पाटील. ज्या पाटलांचा बैल मेला होता, त्यांचे हे चिरंजीव. आता स्वतःच साठीकडं झुकलेले.

"कुणाला हात लावू दीना," जोतीराम म्हणाला. "तुझं नाव काढलं न्हाय. पर डोळं दाराकडं लावून पडलाय."

काहील पाण्यातून निघाली. वाटेत धम्मपालचं लक्ष स्वतःच्या अंगाकडं गेलं. कपडे खाकीच होते. पांढऱ्या शर्टाची पिशवी दवाखान्यात राहिली होती.

घरापाशी पाणी उंबऱ्याला लागलं होतं. आत केरबा घोंगड्यावर उताणा पडला होता. उजवा पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. धम्मपालनं लांबूनच ओळखलं, खुब्याचं हाड. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"धम्मा, येळ न्हाय," गणपतराव म्हणाले. "दोघं बगलंत धरू, दोघं पाय धरू, आणि घालू काहिलीत. वरडला तर वरडू दे."

"न्हाय."

"आरं, पाणी बघ की."

"बघतोय. पर मी सांगितल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय. तुमी बी न्हाय, पाटील."

त्या गावात पाटलाला असं बोललेलं त्याआधी एकदाच ऐकलं होतं, केरबाच्या तोंडून. गणपतराव दोन पावलं मागं सरले.

धम्मपालनं घराचं दार बिजागरीतून काढायला सांगितलं आणि तो बापाशेजारी गुडघे टेकून बसला. केरबाची नजर त्याच्या खाकी सदऱ्यावरून फिरली.

"आबा, बदलायला येळ गावला न्हाय."

धम्मपालनं तोंड त्याच्या कानाशी नेलं. हजारोंना विचारलेला प्रश्न होता.

"आबा, उचलू का?"

"ओढशील," केरबा म्हणाला.

"न्हाय ओढणार."

"मग कसं?"

तेरा वर्षांपूर्वी उंबऱ्यात हाच प्रश्न झाला होता. ह्या वेळी धम्मपालकडं उत्तर होतं. "आधी दोन्ही पाय एकमेकाला बांधतो, मधी उशी घालतो. म्हंजे मोडलेला पाय हलणार न्हाय. मग आमी चौघं मिळून तुमास्नी चांगल्या कुशीवर जरासं कलवणार, एकदम, एका शब्दावर. खाली दार सरकवायचं. परत पाठीवर. आणि दारासकट उचलायचं. दुखंल, आबा. न्हाय दुखणार म्हणून सांगत न्हाय. पर ओढणार न्हाय, कुठंबी."

केरबानं डोळे मिटले. पाणी उंबऱ्यावरून आत यायला लागलं, घोंगड्याचा काठ भिजला. गणपतराव नुसतेच पाय बदलत उभे होते. धम्मपाल थांबला होता. बाप नाही म्हणाला असता तर? तर उचलावं लागलंच असतं, मरू थोडंच देणार होता. पण मग ते ओढणंच झालं असतं. जन्मभर झालं असतं. तरी तो थांबला.

"उचल," केरबा म्हणाला.

धम्मपालनं पाय बांधले. स्वतः डोक्याशी बसला, गणपतरावांना कमरेशी बसवलं, जोतीरामला पायाशी, आधी आलेल्या चौघांतल्या एकाला दार धरून तयार ठेवलं. "मी हां म्हटल्यावर. आधी न्हाय." जोतीरामनं घाईत हात वर घेतला. "थांब, जोतीराम. ठेव खाली." आवाज चढला नव्हता, पण जोतीरामनं हात खाली ठेवला. मग धम्मपालनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "हां." केरबा कण्हला. दार खाली गेलं. "हां." पाठीवर आला. "आता गुडघ्यात वाका. कमरेत न्हाय, पाटील, गुडघ्यात. हां." आणि दार जमिनीवरून सुटलं, सपाट, एकसारखं. केरबा ओरडला नाही. त्यानं डोळे उघडून फक्त आढ्याकडं पाहिलं.

काहिलीत दार तळाशी बसलं. धम्मपाल बापाचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला. त्या चौघांतले दोघं पोहत काहिलीच्या काठाला धरून ढकलत होते, गणपतराव बांबू रोवत होते. केरबानं हात लांब करून काहिलीचं लोखंड चाचपलं.

"जल्मभर हिच्या खाली जाळ घातला," तो म्हणाला. "आत कवा झोपलो न्हवतो."

थोड्या वेळानं गणपतराव पाण्याकडं बघत म्हणाले, "केरबा, त्यो बैल. माझ्या बानं आणि चुलत्यांनी ओढला हुता शेवटी. मी ल्हान हुतो. लई जड हुता. त्या दिवशी आमच्या घरात कोण जेवलं न्हाय."

"ठाव हाय," केरबा म्हणाला. "बघत हुतो मी."

एवढंच दोघं बोलले. अठ्ठेचाळीस वर्षांनी एवढंच. आणखी काय बोलायचं होतं?

कोल्हापुरात ऑपरेशन झालं. खुब्यात लोखंड बसवलं. डॉक्टर म्हणाले, मोडलेला पाय वाटेत हलला असता तर म्हाताऱ्याचं काही खरं नव्हतं. पुढचे बरेच दिवस केरबा त्याच दवाखान्यात, दाराजवळच्या खाटेवर होता. अंजना डबा घेऊन यायची. आणि केरबा दिवसभर उशीला टेकून बघत बसायचा. गाड्या यायच्या, धम्मपाल वाकायचा, विचारायचा, थांबायचा, उचलायचा. एकदा ट्रॅक्टरखाली सापडलेली एक म्हातारी आणली. तिला शुद्ध नव्हती. धम्मपाल तिच्या कानाशी वाकला, "आजी, उचलू का?" आणि थांबला.

संध्याकाळी केरबानं त्याला जवळ बोलावलं. "ती म्हातारी बोलत न्हवती. का थांबलास?"

"ऐकू येत असलं तर?"

केरबानं उशीवरून मान उचलली. मग विचारलं, "आणि मेलेल्याला?"

"त्यास्नी बी इचारतो, आबा."

केरबानं तोंड भिंतीकडं वळवलं. त्याची पाठ हलत होती. धम्मपालनं खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं ठेवू दिला.

घरी सोडायच्या दिवशी धम्मपालनंच त्याला गाडीत बसवलं. गाडी सुरू होताना केरबा काचेतून म्हणाला, "हितनं म्होरं गावाकडं येताना कापडं बदलत बसू नगंस. उगं येळ जातो." धम्मपालनं व्हय म्हटलं आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. आक्का तिथंच होत्या. त्याला रडताना बघून त्या आत गेल्या.

केरबा त्यानंतर तीन वर्षं जगला. काठी टेकत गुऱ्हाळावर जाऊन बसायचा. कुणी नवा माणूस भेटला की सांगायचा, पोरगा कोल्हापुरात असतो, पडलेली माणसं उचलतो. पाटीवर नाव शोभंल हे बोलणं त्यानं सोडून दिलं होतं.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात एका सकाळी तो झोपेतच गेला. फोन आला तेव्हा धम्मपाल ड्युटीवर होता. तो तसाच निघाला, खाकी कपड्यांत, आणि जयसिंगपूरला उतरून कुठं थांबला नाही. घरासमोर माणसं जमली होती. त्रिशरण पंचशील झालं. फुलं घातली. तिरडीला चार जण लागले. धम्मपाल डोक्याशी, त्याच्या बाजूला गणपतराव. त्यांना आता स्वतःलाच काठी लागत होती, पण काठी भिंतीला लावून ते मला जागा द्या म्हणाले होते.

"चला, उचला, ऊन चढतंय," मागून कुणीतरी म्हणालं. पायाकडच्या दोघांनी बांबूला हात घातला. गणपतरावांनी मात्र घातलेला हात काढून घेतला आणि ते सरळ उभे राहिले. पायाकडच्यांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि आपलेपण हात काढले.

धम्मपाल गुडघ्यात वाकला. तोंड बापाच्या कानाशी नेलं.

"आबा, उचलू का?"

अंजनानं पदर तोंडाशी धरला. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा धम्मपाल थांबला. मग त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "हां."